न विचारता दिलेली गोळी

२ फेब्रुवारी

"दिवसभर मला ऐकवतेस ते कागदाला ऐकवत जा, कागदाला कान नसतात," असं हे म्हणाले, म्हणून ही वही काढली. ह्यांना वाटतं, मी लिहीत बसले की घर शांत होईल. बघू या.

तर आजची पहिली तक्रार धाकट्याबद्दल. धाकटा म्हणजे माझा भाऊ. एक्केचाळीस वर्षांचा घोडा झालाय, पण आई गेली तेव्हा तो दहाचा होता आणि मी एकोणीसची, त्यामुळे माझ्या तोंडात धाकटाच. आमच्याकडे मागच्या खोलीत राहतो. वडिलांचं फ्रेमचं दुकान आम्ही दोघं चालवतो. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझं. काच, पट्टी, पुठ्ठा त्याचं. त्याने पट्टीचे कोपरे जोडले की सांध्यावरून नख फिरवा, अडकणार नाही. एवढं मात्र त्याचं मान्य करावं लागतं.

महिनाभर झाला, दर गुरुवारी संध्याकाळी दुकान माझ्यावर टाकून जातो. कुठे म्हणून विचारलं तर "क्लास आहे." कसला क्लास? "आहे एक." गेल्या गुरुवारी मी भाजी आणायच्या निमित्ताने मागोमाग गेले. बसथांब्यावर एका बाईशी बोलत उभा होता. खाकी कपडे, खांद्याला चामडी पिशवी. बसची कंडक्टर. दोघं हसत होते. तो असा हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता, म्हणून जास्तच धास्ती वाटली.

आज परत आला तर बाही वर केलेली आणि कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा चिकटवलेला. मी पाहिल्यावर बाही खाली ओढली. म्हणाला, "डास चावला." डासाला कापूस लावणारा माणूस मी तरी जन्मात पाहिला नाही.

५ फेब्रुवारी

आज धाकटा काच पुसता पुसता म्हणाला, "ताई, आता कायदा आलाय. आपण बरे असताना सांगून ठेवता येतं. पुढेमागे आजारी पडलो तर काय करायचं, काय नाही, आपल्या वतीने कुणी बोलायचं."

मी म्हटलं, "तुझ्या वतीने मी बोलतेच आहे की."

"तेच," म्हणाला. मग फडकं बाजूला ठेवून, "तुला एक सांगायचं होतं." तेवढ्यात लग्नाचा मोठा फोटो घेऊन एक जोडपं आलं. ती दोघं गेल्यावर मी त्याला कायद्याबद्दल चार शब्द सुनावले. कायदा येऊन भरवतो का? कायदा रात्री उशाशी बसतो का? तो पट्ट्या कापायला गेला. जे सांगायचं होतं ते राहिलंच.

आता इथे लिहिते, कारण ही वही माझ्या कपाटात कुलपात असते. गेल्या उन्हाळ्यात धाकट्याने गोळ्या बंद केल्या. चोरून नाही, तोंडावर सांगून. "बारा वर्षं खाल्ल्या, आता माझं मला बघू दे." मी भांडले, रडले, जेवले नाही. ढिम्म. याआधी एकदा "बघू दे" म्हणाला होता तेव्हा दुकानातल्या सगळ्या काचा काढून रस्त्यावर मांडल्या होत्या, आभाळ खाली उतरवतो म्हणून. मग गायब. दुसऱ्या गावच्या बस डेपोत सापडला, अनवाणी, ओठ फुटलेले, मला ओळखेना. ते पुन्हा बघायची माझी ताकद नाही. म्हणून मी जुन्या चिठ्ठीवर ओळखीच्या औषधवाल्याकडून गोळ्या आणते, कुटते आणि त्याच्या चहात घालते. सकाळी एक, संध्याकाळी एक. सुरुवातीला म्हणाला, चहा खारट लागतो. मी दूधवाल्यावर ढकललं. बिचाऱ्याला विनाकारण बोलणी बसली.

आणि झालं की नाही सगळं नीट? त्या मोठ्या हॉटेलच्या खोल्याखोल्यांतल्या फ्रेमा त्याने एकट्याने केल्या. एका गिऱ्हाइकाने तोंडावर शिवी हासडली तर हसून सोडून दिली. आता आरशांचं काम वेगळं काढायचं म्हणतो. मला ऐटीत म्हणतो, "बघ ताई, गोळीशिवाय." मी म्हणते, "बघतेय हो."

हे सगळं ह्यांना माहीत आहे. ह्यांचं एकच पालुपद, "एकदा विचारून बघ त्याला." विचारलं की तो नाही म्हणणार. म्हणून तर विचारायचं नाही. एवढं साधं गणित ह्यांना कळत नाही आणि हे लोकांचे वीजमीटर तपासतात.

८ फेब्रुवारी

धाकटा सारखं पाणी पितो. नवीन बाटली आणलीय, सतत जवळ. रात्रीचं जेवण झालं की घड्याळ बघतो आणि दुकानात काही राहिलं म्हणून खाली जाऊन येतो. काय राहतं रोज?

आज पहिली काच वाकडी कापली. त्याची काच वाकडी जात नाही. बोटं थरथरत होती. मी पाहिलं हे त्याने पाहिलं आणि हात खिशात घातले. फक्त "लक्ष कुठंय?" एवढंच विचारलं.

सुरुवात अशीच होते. माझं माप कमी पडत असणार. उद्यापासून अर्धी जास्त घालते.

११ फेब्रुवारी

थरथर वाढली. जिना उतरताना भिंत धरली. दुपारी उलटी झाली. बोलतो ते जड, जीभ वळत नसल्यासारखं. मी खाटेशी बसले तर म्हणाला, "ताई, बहुतेक माझ्या… मी गेल्या आठवड्यापासून…" आणि पुन्हा उलटी. मी म्हटलं, "बोलू नकोस, पड." त्याला उद्या दवाखान्यात जायचं होतं म्हणे, कुणी डॉक्टरांनी बोलावलंय. कुठला दवाखाना, कसले डॉक्टर? भ्रम होतोय त्याला. मी चहा पाजला. निम्मा प्यायला.

मला आता खात्रीच झालीय. हा नुसता जुना आजार नाही. ती कंडक्टरबाई, गुरुवार, कापसाचा बोळा. सुईतून काहीतरी घेतो. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तो? त्याला तपकिरीने ठसका लागतो." ह्यांना थट्टा सुचते. आपलं माणूस हातातून चाललंय आणि ह्यांना थट्टा सुचते.

१२ फेब्रुवारी

आज त्याला दाखल केलं.

सकाळी मी नको म्हणत असताना दुकानात उतरला, मोठी काच उचलली आणि तोल गेला. काच फुटली, तळहात कापला. रक्ताकडे तो नुसता बघत राहिला. ह्यांना बोलावलं, टॅक्सी केली. रुग्णालयाच्या दारात उतरेना. "मला इथे नको, माझ्या दवाखान्यात न्या," म्हणत होता, निदान तसं ऐकू आलं. दोघा सेवकांनी धरून आत नेला. वळून माझ्याकडे बघत होता. ते डोळे मी लिहीत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण कामाच्या. दोघा डॉक्टरांनी वेगवेगळं तपासलं, तसा नियम आहे. पुढेमागे आपल्या वतीने कोण बोलणार हे त्याने कुठे नोंदवून ठेवलंय का, असं विचारलं. मी म्हटलं, "नोंदवायचं काय त्यात? मी बहीण." मग माझी सही घेतली. सध्या काही औषध चालू आहे का, असंही विचारलं.

मी "नाही, बंद आहेत" म्हणून सांगितलं.

नाहीतर काय सांगायचं? की मी चहातून देते? चिठ्ठी जुनी, डॉक्टरांना न विचारता माप वाढवलेलं. औषधवाला अडकला असता, मीही अडकले असते, आणि धाकट्याकडे मग बघितलं कोणी असतं? आता तो त्यांच्या ताब्यात आहे, काय द्यायचं ते देतील. जुनं उगाळून काय मिळणार? सुयांचं मात्र सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "औषधाचं सांगितलंस ना?" मी भाजी चिरायला घेतली.

१३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सुया वगैरे काही नाही. धाकटा महिनाभर एका मोफत मनोविकार केंद्रात जात होता. दर गुरुवारी तिथे आजारातून गेलेल्यांची बैठक असते. तिथल्या डॉक्टरांनी त्याला नव्याने गोळ्या सुरू केल्या होत्या. तो स्वतः जाऊन म्हणाला होता, "मी दहा महिने काही न घेता राहिलो, पण आता नवं काम काढायचंय, पुन्हा घसरायला नको." कापसाचा बोळा, गोळ्या सुरू करण्याआधी मूत्रपिंडं तपासायला रक्त काढलं त्याचा. पुन्हा तपासणी कालच होती.

"म्हणजे तो आपणहून घेत होता?" मी विचारलं.

"हो. पण ताई, रक्तात औषधाचं प्रमाण फार आहे. दिलेल्या मापाच्या दुपटीहून जास्त. विषबाधाच झालीय. मूत्रपिंडं वाचली हे नशीब. तो म्हणतो, सांगितल्याप्रमाणेच घेतल्या. ते शक्य नाही. त्याने जाणून जास्त घेतल्या असाव्यात. घरात काही झालं होतं का? जगणं नकोसं झाल्यासारखं बोलला होता का?"

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

आपणहून घेत होता. मग मला का नाही सांगितलं? एवढी काय मी वैरी?

१५ फेब्रुवारी

भेटू दिलं. जीभ बरीच मोकळी झालीय, हाताला पट्टी. खिडकीला जाळी, दाराला बाहेरून कडी, कमरेचा पट्टासुद्धा काढून घेतलाय. जीव देईल म्हणून एक सेवक चोवीस तास समोर बसलेला, संडासाचं दारही लावू देत नाहीत. मी संत्री नेली होती, ती सोलून द्यायला लावली.

म्हणाला, "ताई, मी जास्त घेतल्या नाहीत. सकाळी एक, रात्री एक. कुणी मानत नाही. वेड्याच्या शब्दाला वजन नसतं. तू तरी मान."

मी "बरं" म्हटलं.

"बरं नाही. मान."

मी त्याची चादर नीट केली. सेवकाने वेळ झाली म्हणून सांगितलं, आणि मला त्या सेवकाचे उपकार वाटले. असं मला का वाटावं?

बाहेर बाकावर ती कंडक्टरबाई बसली होती, कामावरून थेट आलेली. मला बघून उठली. "तुम्ही ताई ना? आम्ही गुरुवारी एकाच बैठकीला असतो. ते तुमच्याबद्दल फार बोलतात." काय बोलतो ते विचारायचा धीर झाला नाही.

१६ फेब्रुवारी

दुकान उघडलं नाही. उघडलं, पण काम केलं नाही. दोनदा झाडलं.

मी रोज दोन घालत होते, शेवटी अर्धी जास्त. त्याने किती घेतल्या ते त्याचं तो जाणे. त्याच गोळ्या असतील कशावरून? औषधांची हजार नावं. मी काही डॉक्टर नाही. बाईंनी नीट तपासलं असेलच. चहातली निम्मी तर कपाच्या बुडाशी राहते.

१७ फेब्रुवारी

सरकारकडून त्याला फुकट वकील मिळालीय. तशी सोय आहे म्हणे, आत ठेवलेल्या प्रत्येकाला. आज वकीलबाई दुकानात आल्या. साध्या, चपलेचा अंगठा तुटलेला, पिन लावलेली. मी चहा विचारला आणि विचारल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. त्या नको म्हणाल्या.

वीस तारखेला मंडळासमोर सुनावणी. माणसाला बळजबरीने आत ठेवणं योग्य की नाही ते बघणारं पुनर्विलोकन मंडळ. नाव उच्चारेपर्यंत निरोगी माणूस आडवा पडावा. रुग्णालयाचं म्हणणं, जिवाचा धोका आहे, आणखी तीन महिने बंद विभागात ठेवायचं आणि त्याच्या व्यवहारांवर माझी नेमणूक करायची. म्हणजे दुकानाचं, पैशाचं, राहण्याचं, सगळं मी ठरवायचं.

"तुम्हाला हे मान्य आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

"त्याच्या भल्याचं असेल तर."

"ते त्याला भल्याचं वाटत नाही. एकदा जाणून विष घेतलं असं कागदावर आलं, की पुढे तो काहीही बोलला तरी तेच आधी वाचलं जाईल. आरशांच्या कामासाठी त्याने जागा पाहून ठेवलीय, ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं.

जाताना म्हणाल्या, "तुम्हाला काही आठवलं तर मंडळाला सांगा. मला सांगू नका. मी त्याची वकील आहे, तुमची नाही." चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला झालं. काय आठवायचंय मला?

१८ फेब्रुवारी

त्याच्या कामाच्या टेबलाखाली बारीक खिळ्यांचे डबे असतात. आज खिळे हवे होते म्हणून एक काढला. हलका लागला. उघडला तर आत गोळ्या. पाकिटातून सोडवून सुट्या ठेवलेल्या, माझ्या हाती पाकीट लागू नये म्हणून. रोज जेवल्यावर खाली यायचा तो यासाठी.

पांढऱ्या, मधे रेघ. माझ्या डब्यातली एक आणून शेजारी ठेवली. कुठली कोणाची ते नंतर मलाच ओळखता येईना.

मी खाली फरशीवर बसून राहिले. गिऱ्हाईक येऊन हाका मारून गेलं.

तो खाली दुकानात माझ्यापासून लपवून घेत होता आणि मी वर त्याच्यापासून लपवून देत होते. एका घरात, एकाच माणसाला, एकच औषध. मी पाजलं त्याला विष. थरथर दिसली तेव्हा आणखी पाजलं. उलटी झाल्यावर पाणीसुद्धा आधी दिलं नाही, चहा दिला.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मलाही माहीत होतं चहाचं. मीही सांगितलं नाही. तेव्हा तू एकटी नाहीस." मला त्याने बरं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

१९ फेब्रुवारी

दिवसभर घरात फेऱ्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गप्प बसले तर काय बिघडेल? तो तीन महिने आत राहील, तिथे खायला-प्यायला मिळतं, गोळ्या वेळेवर मिळतात. मग घरी येईल. दुकान माझ्या हातात, तो माझ्या डोळ्यांसमोर. रस्त्यावर काचा नाहीत, डेपो नाही. हेच तर मला हवं होतं सगळं आयुष्य.

आणि सांगितलं तर? विषप्रयोग म्हणतील. बहिणीने. औषधवाल्याची मुलं शाळेत जातात. आणि धाकटा कधीच माझ्या हातचं काही खाणार नाही.

"तू तरी मान." हे डोक्यातून जात नाही. त्याचं खरं असल्याचं जगात फक्त मला माहीत आहे. त्यालासुद्धा माहीत नाही. त्यालाही आता वाटत असेल, की आपणच विसरून दोनदा घेतल्या, आपलं डोकंच फिरलं. काल रुग्णालयात कंडक्टरबाईंनी ह्यांना तसंच सांगितलं, "ते मला विचारतात, मला आठवत नसेल का हो?"

मी त्याला वेडं ठरवते आहे, आणि तो शुद्धीवर आहे.

२० फेब्रुवारी

सुनावणी झाली.

रुग्णालयाचीच एक खोली, लांब टेबल, पलीकडे तिघं. ह्यांनी कानात सांगितलं, की नियमाप्रमाणे त्यातलं एक जण स्वतः या आजारातून गेलेलं असतं. मी लगेच कोण ते शोधायला लागले. सारखं पेन उघडझाप करणारे गृहस्थ असणार म्हणून मी ठरवूनही टाकलं. ते निघाले अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश. आजारातून गेलेल्या त्या मधल्या बाई, ज्यांना मी डॉक्टर समजत होते. माझे अंदाज हल्ली असेच.

धाकटा इस्त्रीच्या शर्टात. शर्ट कंडक्टरबाईंनी आणला असणार, मला सुचलं नव्हतं. वकीलबाई त्याच्या शेजारी.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे आकडे सांगितले. मग अध्यक्षांनी धाकट्याला विचारलं, "तुम्ही किती गोळ्या घेत होतात?"

"सकाळी एक, रात्री एक. जेवणानंतर."

"मग रक्तात इतकं कुठून आलं?"

"माहीत नाही."

"उरलेल्या गोळ्या मोजता येतील?"

"पाकिटं टाकून दिली होती. सुट्या ठेवल्या होत्या. बंद केल्या तेव्हाच्या उरलेल्याही त्यातच होत्या, जुन्या किती, नव्या किती, कळणार नाही."

"पाकिटं का टाकली?"

माझ्याकडे बघायचंही त्याने टाळलं. मला वाचवत होता. अध्यक्षांनी काहीतरी लिहिलं. लपवालपवी, असंच लिहिलं असणार.

मग मला विचारलं, कुटुंबाला काही सांगायचंय का. मी रात्री भाषण तयार केलं होतं, आईविना वाढवलं, डेपो, अनवाणी पाय. उभी राहिले आणि त्यातलं एक अक्षर आलं नाही. म्हटलं, "त्याचं खरं आहे. उरलेल्या मी दिल्या. चहातून."

पेनाची उघडझाप थांबली. एवढा वेळ ती चालू होती हे तेव्हा कळलं.

विचारलं ते सगळं सांगितलं. चिठ्ठी, माप, अर्धी जास्त. दाखल करताना "बंद आहेत" म्हटलं तेही. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. मधल्या बाईंनी विचारलं, "त्यांना का नाही विचारलंत?"

"नाही म्हणाला असता."

"तो त्यांचा हक्क होता," त्या म्हणाल्या. रागाने नाही. दुकानाची वेळ सांगावी तसं.

मग धाकटा पहिल्यांदा माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता ओरडेल. मी तयारच होते, मला ते हवंही होतं.

"कधीपासून?"

"तू बंद केल्यास, त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

"म्हणजे हॉटेलच्या फ्रेमा…"

"हो."

"तो शिवी देणारा माणूस…"

"हो."

तो पट्टीच्या हाताकडे बघत राहिला. "मला वाटलं होतं, ते मी केलं," म्हणाला. "मी सगळ्यांना सांगितलं बैठकीत. दहा महिने, काही न घेता. त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या."

विषाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. विषाची माफी मी तोंडात घोळवत गेले होते. ह्याची कशी मागतात ते मला माहीत नव्हतं, आणि नाही.

निकाल लगेच दिला. जबरदस्तीचं दाखलपत्र रद्द. जिवाचा धोका हा शेरा काढायचा. माझी नेमणूक नाही. औषधवाल्याची आणि माझी वेगळी चौकशी होईल, व्हावीच. धाकट्याला विचारलं, घरी जायचंय का. म्हणाला, रक्त पूर्ण निवळेपर्यंत चार दिवस राहतो, पण उघड्या विभागात, स्वतःच्या सहीने. आणि त्याच्या वतीने बोलायला कोण, तर त्याने कंडक्टरबाईंचं नाव सांगितलं. एरवी मी म्हटलं असतं, रक्ताचं नातं सोडून तिकिटं फाडणाऱ्या बाईला धरलं. आज म्हटलं नाही. त्या बाईने हो म्हणण्याआधी त्याला विचारलं, "मी काय बोलू नये तेही सांगून ठेवा."

२१ फेब्रुवारी

औषधवाल्याकडे जाऊन चौकशीचं सांगून आले. दार लावून घेतलं त्याने. बरोबर आहे.

हे म्हणतात, जेव. जेवण जात नाही.

२३ फेब्रुवारी

रुग्णालयात जाऊ की नको, या विचारात दोनदा चपला घातल्या आणि काढल्या. भेटायला येऊ का असं त्याला विचारायचं म्हटलं तरी विचारणार कसं? आयुष्यभर मी त्याला विचारलं काय, तर जेवलास का, आणि तेही उत्तराची वाट न बघता ताट वाढून.

शेवटी विभागात फोन लावला. परिचारिकेने उचलला. मी नाव सांगितलं, म्हटलं, "बहीण बोलतेय. कसा आहे तो? रक्त काय म्हणतंय? झोप लागते का?"

"त्यांना विचारल्याशिवाय सांगता येणार नाही," म्हणाली. "आता तसं लिहिलंय त्यांच्या नावापुढे."

जिभेवर आलं होतं, मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलाय, मला काय सांगतेस. ते गिळलं. म्हटलं, "मग विचारा ना त्याला. मी थांबते."

तिने फोन टेबलावर ठेवला. पलीकडे भांड्यांचा आवाज, कुणाचा तरी खोकला, गाडी ढकलल्याचा आवाज. मी फोनची वायर बोटाला गुंडाळत उभी राहिले. हे पेपर खाली करून माझ्याकडे बघत होते. तो नाही म्हणू शकतो, हे मला पहिल्यांदा नीट कळलं. नाही म्हणाला तर फोन ठेवायचा, दुसरं काही करता येणार नाही. आणि मला त्याचा राग येत नव्हता, भीती वाटत होती.

बऱ्याच वेळाने ती परत आली.

"हॅलो? आहात ना? जेवले म्हणून सांगायला सांगितलंय."

"आणि?"

"बाकीचं सांगावंसं वाटलं की ते स्वतः सांगतील म्हणाले."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.